वैमानिकाची चूक

सिनसिनाटी शहराचा विमानतळ सिनसिनाटीत नाही. ओहायो नदी ओलांडली म्हणजे ओहायो राज्य संपून केंटकी राज्य लागते, आणि तेथील पठारावर तो वसविलेला आहे. नदीचे खोरे खाली आणि धावपट्टी वर, अशी तेथील रचना. ८ नोव्हेंबर १९६५ च्या सायंकाळी न्यूयॉर्कहून निघालेले बोइंग ७२७ जातीचे एक प्रवासी विमान या धावपट्टीकडे येत होते. काळोख पडला होता आणि हवा बिघडत चालली होती. तरीही बाहेर पाहून, डोळ्यांच्या भरवशावर उतरण्याचे वैमानिकांनी ठरविले होते. धावपट्टीच्या सुमारे दोन मैल अलीकडे ते विमान टेकडीच्या उतारावर आदळले. ही जागा धावपट्टीच्या पातळीहून सुमारे सव्वादोनशे फूट खाली होती. ज्या जमिनीवर उतरावयाचे तिच्याही खाली विमान गेले होते, आणि आत बसलेल्या अनुभवी वैमानिकांपैकी कोणाच्याही ते ध्यानात आले नव्हते. विमानात बासष्ट माणसे होती. त्यांपैकी अठ्ठावन्न मरण पावली.

रीतसर चौकशी झाली. वैमानिकांनी उंचीमापकाकडे नीट लक्ष दिले नाही, असा निष्कर्ष निघाला. तो खोटा होता असे म्हणता येणार नाही. परंतु ज्यांनी आयुष्याची कित्येक वर्षे हवेत घालविली, त्या माणसांना त्या घटकेस उंचीमापकाकडे पाहण्याची गरज का वाटली नाही, या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते. चौकशीचे काम ज्यांनी केले आहे त्यांना हे ठाऊक असते की, ‘अमुक इसमाची चूक’ हे शब्द अहवालात लिहिले गेले की कागदपत्रांवर फीत बांधण्यास सर्वजण मोकळे होतात. विमानविद्येच्या पहिल्या पन्नास-साठ वर्षांत ‘वैमानिकाची चूक’ या शब्दांनी असे पुष्कळ कागद बांधले गेले.

या एका अपघातावर गोष्ट थांबली असती तर कदाचित तो कागदही तसाच पडून राहिला असता. पण त्याच वर्षी, १६ ऑगस्टच्या रात्री, शिकागोकडे येणारे याच जातीचे विमान मिशिगन सरोवरात कोसळून तीसही जण बुडाले होते. सिनसिनाटीनंतर तीनच दिवसांनी सॉल्ट लेक सिटी येथे धावपट्टीच्या जरा अलीकडे टेकलेल्या विमानात त्रेचाळीस माणसे दगावली. ४ फेब्रुवारी १९६६ रोजी जपानमधले असेच एक विमान टोकियोच्या उपसागरात पडले आणि एकशे तेहतीस जीव गेले. चारही अपघात उतरण्याच्या वाटेवर, चारही काळोख पडल्यावर. चौकशीतील कारणे मात्र सर्वत्र सारखी नव्हती. सॉल्ट लेक सिटीस विमान फार वेगाने खाली येत असता प्रमुख वैमानिकाने ते वेळीच आवरले नाही, असे ठरले. मिशिगन व टोकियो येथे तर निश्चित कारण ठरविताच आले नाही. विमान नवे होते, त्यामुळे संशयाची सुई प्रथम विमानावर, मग वैमानिकांवर, अशी फिरत राहिली.

मेलेला वैमानिक आपण काय पाहिले हे सांगू शकत नाही, आणि जिवंत वैमानिकास पुन्हा त्याच मार्गाने डोंगरावर पाठविता येत नाही. विमान उतरणे या क्रियेचा अभ्यास करणाऱ्यांपुढची मूळ अडचण हीच आहे. तिच्यावर एकच तोड निघाली. खोटे विमान तयार करावयाचे, ते जमिनीवरच ठेवावयाचे, आणि खरा वैमानिक त्यात बसवून तो काय करतो ते मोजावयाचे.

खोट्या विमानाची कल्पना बोइंगची नव्हती. अमेरिकेतील बिंगहॅम्टन गावी पियानो आणि ऑर्गन बनविणाऱ्या कारखानदाराचा मुलगा एडविन लिंक याने १९२९ साली ऑर्गनचेच भाते वापरून एक आखूड पंखांची पेटी केली. आत बसून दांडा ओढला की भात्यांत हवा भरे आणि पेटी विमानासारखी कले, वळे, नाक वर करी. आरंभी ती जत्रेतील करमणूक म्हणूनच विकली गेली. १९३४ मध्ये अमेरिकी लष्करावर टपाल वाहून नेण्याचे काम अचानक पडले, आणि ढगांत व बर्फात केवळ यंत्रे पाहून उडण्याचा सराव नसलेले तरुण वैमानिक काही आठवड्यांतच पटापट मेले. तेव्हा लष्कराने अशा सहा पेट्या विकत घेतल्या. पुढे महायुद्धात लाखो माणसे त्या पेटीत बसून शिकली. मात्र तिला बाहेरचे दृश्य नव्हते. तीत धुक्यात उडावयास शिकता येई. डोळ्यांनी पाहून उतरावयास नव्हे.

दुसरा प्रयोग इंग्लंडातला. १९४० साली केंब्रिज येथील मानसशास्त्रज्ञ केनेथ क्रेक याने स्पिटफायर विमानाच्या धर्तीवर एक बैठक उभी केली. तिचा हेतू शिकविण्याचा नव्हता. थकलेला वैमानिक कसा वागतो हे मोजण्याचा होता. तेथे एक चमत्कारिक गोष्ट आढळली. दमलेला वैमानिक चुका करी, पण आपले काम चांगले चालले आहे असेच त्याला वाटत राही. आणि आता विमानतळ जवळ आला, उतरावयाचेच काय ते बाकी, असे कळताच त्याचे लक्ष एकदम सैल पडे. घर दिसू लागल्यावर बैल पाय उचलतो म्हणतात. माणसाचे उलटे होते. क्रेक १९४५ च्या मे महिन्यात, युरोपातले युद्ध संपल्याच्या दिवसाच्या आदल्याच दिवशी, सायकलवरून जाताना अपघातात गेला. तेव्हा तो अवघा एकतीस वर्षांचा होता.

याच सुमारास अमेरिकेत आल्फॉन्स चॅपॅनिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने बी-१७ या बाँबफेकी विमानाची पाहणी केली. उतरल्यावर वैमानिक पंखांच्या झडपा मिटण्याऐवजी चाकेच आत ओढून घेत आणि विमान पोटावर बसे. चॅपॅनिसने पाहिले तो दोन्ही दांडे शेजारी शेजारी आणि दिसावयास अगदी सारखे. त्याने एका दांड्याच्या टोकास रबराचे लहान चाक बसविले आणि दुसऱ्यास पाचरीसारखा तुकडा. हाताला फरक कळू लागला. त्यानंतर काही वर्षांनी, १९४९ मध्ये, वॉल्टर ग्रेदर याने तीन काट्यांच्या उंचीमापकाची परीक्षा घेतली. एक काटा शेकड्यांचा, दुसरा हजारांचा, तिसरा दहा हजारांचा, असे ते घड्याळ होते. सराईत वैमानिकदेखील शंभरांतून अकरा-बारा वेळा हजार फुटांनी किंवा त्याहून अधिक चुकत. मिशिगन सरोवरात पडलेल्या विमानात अशाच काट्यांचे उंचीमापक होते, आणि वैमानिकांनी ते दहा हजार फुटांनी चुकीचे वाचले असावे ही शंका अनेकांनी बोलून दाखविली.

तथापि, उंचीमापक वाचताना होणारी चूक ही एक गोष्ट आणि उंचीमापक वाचावासाच न वाटणे ही दुसरी. सिनसिनाटीचे कोडे दुसऱ्या प्रकारचे होते. त्याच्या मागे लागला तो बोइंग कंपनीतील मानसशास्त्रज्ञ कॉनरॅड क्राफ्ट. अपघातांचे नकाशे शेजारी शेजारी मांडून पाहिल्यावर त्याला दिसले की, वैमानिक ज्या प्रदेशावरून आले तो पाणी किंवा निर्मनुष्य जमीन असल्यामुळे पुष्कळदा काळाकुट्ट होता. दिवे होते ते पुढे, विमानतळाभोवती आणि त्यामागील शहरात. हे शहर कित्येक ठिकाणी सपाट नव्हते. ते डोंगराच्या दिशेने हळूहळू चढत गेलेले होते.

क्राफ्ट आणि त्याचा सहकारी एल्वर्थ यांनी मग अंधाऱ्या खोलीत दिव्यांची एक लहानशी नगरी वसविली. ती सपाट ठेवता येई किंवा पलीकडची बाजू उचलून चढती करता येई. तिच्यासमोर विमानाची बैठक होती. बोइंगचेच बारा ज्येष्ठ प्रशिक्षक-वैमानिक, म्हणजे इतरांना उतरावयास शिकविणारी माणसे, एकेकटी तेथे बसविण्यात आली. त्यांचे उंचीमापक झाकलेले होते. केवळ दिवे पाहून योग्य उंचीने शहराकडे या आणि मधून मधून आपण किती उंचीवर आहो ते सांगा, एवढेच त्यांना सांगितले होते.

बहुतेक जण हवे त्याहून खाली आले. त्यांनी तोंडाने सांगितलेली उंची खऱ्या उंचीहून पुष्कळ अधिक होती. नगरी चढती केली की चूक वाढे. खऱ्या आकाशात ही उड्डाणे झाली असती तर त्यांतील कित्येक धावपट्टीच्या काही मैल अलीकडेच संपली असती. आणि ज्यांच्या हातून हे घडले ते नवशिके नव्हते, थकलेलेही नव्हते.

असे का व्हावे, हे समजण्यास घरातले ताट पुरेसे आहे. ताट जमिनीवर ठेवून उभ्याने पाहिले तर ते जवळजवळ वाटोळे दिसते. खाली बसून पाहिले तर ते चपटे, लांबट दिसते. किती चपटे दिसते यावरून आपले डोळे आपण किती उंचीवर आहो हे ताडतात. आता कोणी आपल्या नकळत ताटाची पलीकडची कड उचलली तर बसल्या जागीही ते वाटोळे दिसू लागेल आणि आपण उंच आहो असा भास होईल. डोंगराकडे चढत गेलेले शहर म्हणजे पलीकडची कड उचललेले ताट. आपण फार उंच आहो असे वैमानिकास वाटते आणि तो विमान खाली आणतो.

याखेरीज दुसरी एक गोष्ट क्राफ्टने भूमितीने दाखविली. दिवसा मधली शेते, रस्ते, झाडे डोळ्यांना मोजपट्टीसारखी उपयोगी पडतात. रात्री मधे काहीच नसते. अशा वेळी वैमानिक नकळत एकच करतो : दिव्यांचा पट्टा डोळ्यांत जेवढा मोठा दिसतो तेवढाच तो दिसत राहावा, असे विमान चालवितो. त्याला वाटते आपण सरळ उतरणीवरून येत आहो. प्रत्यक्षात विमान एका मोठ्या वर्तुळाच्या कमानीवरून येत असते, आणि ही कमान धावपट्टीस पोहोचण्यापूर्वीच सरळ उतरणीच्या खाली झोळीसारखी लोंबते. त्या झोळीत टेकडी असली तर विमान टेकडीस लागते. सबंध वाटेत वैमानिकाच्या डोळ्यांपुढचे चित्र शांत, स्थिर आणि खात्रीचे असते. उंचीमापकाकडे पाहण्याची गरज त्याला वाटत नाही ती यामुळे.

क्राफ्टचे निष्कर्ष १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. या भासाला वैमानिकांच्या बोलीत ‘काळे विवर’ असे नाव पडले. अंधाऱ्या प्रदेशावरून येताना डोळ्यांवर विसंबू नका, उंचीमापक मोठ्याने वाचत या, असे नियम पक्के होत गेले. धावपट्टीच्या कडेस बसविण्याचे दिशादर्शक दिवेही सुधारले. ब्रिटनमध्ये १९७० नंतरच्या दशकात तयार झालेल्या पद्धतीत एका ओळीत चार दिवे असतात. दोन पांढरे व दोन तांबडे दिसले तर उतरण बरोबर. चारही तांबडे दिसले तर विमान फार खाली. या दिव्यांचे इंग्रजी आद्याक्षरांनी बनलेले नाव ‘पापी’ असे आहे. मराठी कानाला ते कसेसेच वाटते. पण दाबोळीच्या पठारावर रात्री समुद्राकडून येणाऱ्या विमानाच्या पोटाखाली काळ्या पाण्यावाचून काही नसते, आणि तेव्हा या पाप्यांइतके पुण्य दुसऱ्या कोणाच्या पदरी पडत नसेल.

त्याच १९६९ साली जॉर्ज कूपर आणि रॉबर्ट हार्पर या दोघांनी विमानाच्या वागणुकीस गुण देण्याची एक मोजपट्टी सिद्ध केली. विमान उडविल्यावर वैमानिकाने ठरावीक प्रश्नांच्या क्रमाने जाऊन एक ते दहा यांपैकी एक आकडा द्यावयाचा. एक म्हणजे उत्तम, दहा म्हणजे ताब्यात न राहणारे. सरकारी कचेरीत वरिष्ठाने कनिष्ठाचा गोपनीय अहवाल लिहावा तसेच हे, फक्त येथे चालक आपल्या वाहनाचा अहवाल लिहितो. सिम्युलेटर आणि खरे विमान या दोहोंतही तीच पट्टी वापरता येऊ लागली, आणि दोघांचे आकडे जुळतात की नाही हे तपासणे शक्य झाले.

ते नेहमी जुळत नाहीत, हे १९७७ साली सर्वांच्या देखत दिसून आले. अंतराळातून परत येऊन विमानासारख्या उतरणाऱ्या ‘स्पेस शटल’ या यानाची पहिली प्रतिकृती ‘एंटरप्राइज’ तेव्हा कॅलिफोर्नियातील एडवर्ड्स तळावर परीक्षेस लागली होती. तिला इंजिन नव्हते. बोइंग ७४७ च्या पाठीवर बसवून तिला वर न्यावयाचे आणि सोडून द्यावयाचे. मग एकदाच, कोणतीही दुसरी संधी नसताना, तिने उतरावयाचे. जमिनीवरील सिम्युलेटरमध्ये हे उतरणे पुष्कळ वेळा केले गेले होते. २६ ऑक्टोबरला पाचव्या मुक्त उड्डाणात प्रथमच तिला कोरड्या सरोवराच्या अफाट मैदानाऐवजी काँक्रीटच्या धावपट्टीवर उतरवावयाचे होते. दांडा फ्रेड हेझ याच्या हाती होता. १९७० मध्ये अपोलो-१३ मधून मरणाच्या दारातून परतलेला तो माणूस. धावपट्टी जवळ आली, वेग थोडा अधिक होता, ठरलेल्या जागी टेकावयाचे म्हणून त्याने हात चालविला, आणि यान नाक वरखाली करू लागले, मग टेकून उसळले, डावी-उजवीकडे डुलू लागले. हातातला जोर सैल होताच ते शांत झाले आणि सुखरूप थांबले.

ज्याने मोठ्या पडावाचे सुकाणू धरले आहे त्याला याचा उलगडा होईल. सुकाणू वळविले की नाव लगेच वळत नाही. नवशिका आणखी वळवितो. तोवर पहिल्या वळणाचा परिणाम येऊन पोहोचतो आणि नाव नको तितकी फिरते. मग तो उलट वळवितो. नाव हेलपाटत राहते ती नावाड्याच्याच हातांनी. शटलमध्ये दांडा आणि पंखांच्या झडपा यांच्या मध्ये संगणक होता, आणि आज्ञा पोहोचण्यास सेकंदाचा काही भाग उशीर होई. एवढा उशीर उंचावर जाणवतही नाही. धावपट्टी काही फुटांवर आली की तो घात करतो.

मग हा दोष सिम्युलेटरमध्ये आधी का दिसला नाही? उशीर तेथेही होता. तेथे नव्हती ती भीती. खोट्या विमानात चूक झाली तर दिवे लागतात, चहा येतो आणि पुन्हा आरंभ होतो. वैमानिकाचा हात सावकाश चालतो, आणि सावकाश हाताला हा उशीर बोचत नाही. खरी धावपट्टी डोळ्यांसमोर धावून येते तेव्हा तोच हात घट्ट आणि उतावळा होतो. नासाने पुढे एफ-८ या लढाऊ विमानाच्या संगणकात मुद्दाम उशीर घालून तो थोडा थोडा वाढवीत खऱ्या हवेत प्रयोग केले. १८ एप्रिल १९७८ रोजी अशाच एका प्रयोगात धावपट्टीशी टेकता टेकता जॉन मँके याचे विमान इतके हेलकावू लागले की ते आवरून पुन्हा आकाशात नेईपर्यंत पाहणाऱ्यांच्या छातीत धडकी भरली असेल. त्यानंतर उतावळ्या हाताचा जोर आपोआप कमी करणारी योजना शटलच्या संगणकात घालण्यात आली. १४ एप्रिल १९८१ रोजी ‘कोलंबिया’ अंतराळातून परत येऊन उतरले ते तिच्यासह.

म्हणजे क्राफ्टच्या अंधाऱ्या खोलीने जे उघड केले ते एडवर्ड्सच्या सिम्युलेटरने झाकून ठेवले होते. डोळ्यांची फसवणूक भीतीवाचूनही होते, म्हणून ती खोलीत पकडता आली. हातांची फसवणूक भीतीवाचून होत नाही.

आणि लक्षाची? वैमानिकास मान खाली घालून काटे पाहावे लागू नयेत म्हणून वेग, उंची, दिशा यांची चिन्हे त्याच्या समोरच्या काचेवरच उजळविण्याची युक्ती लष्करी विमानांतून आलेली आहे. अंधारात टेकडीस लागणाऱ्या विमानांवर हा रामबाण उपाय वाटावा असाच होता. नासाच्या एम्स संशोधन केंद्रात फिशर, हेन्स आणि प्राइस यांनी सिम्युलेटरमध्ये त्याची परीक्षा घेतली. तिचा वृत्तान्त १९८० मध्ये बाहेर आला. प्रवासी विमानांचे आठ वैमानिक त्या काचेतून पाहून उतरत असता शेवटच्या उड्डाणात एक अवाढव्य विमान धावपट्टीवर आडवे आणून ठेवले होते. आठांपैकी दोघांना ते दिसलेच नाही. काचेवरची चिन्हे अचूक जुळवीत ते सरळ त्या विमानावर उतरत गेले. ज्यांना दिसले त्यांनाही काचेशिवाय उतरताना लागला त्याहून अधिक वेळ लागला.

यानंतर काट्यांची जागा पडद्यांनी घेतली. १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून बंगळूरला गेलेले इंडियन एअरलाइन्सचे ए-३२० भर दुपारी, स्वच्छ हवेत, धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर टेकले. एकशे शेहेचाळीसांपैकी ब्याण्णव जण गेले. विमान आपोआप उतरण्याच्या ज्या रीतीत होते तीत इंजिने मंदावलेली राहतात. विमान कोणत्या रीतीत आहे हे सांगणारी अक्षरे पडद्याच्या वरच्या कडेस होती, पण शेवटच्या काही सेकंदांपर्यंत तिचा धोका बैठकीत कोणाला उमगला नाही. अहवालाने दोष वैमानिकांवर ठेवला, आणि बैठकीच्या रचनेविषयीचा वाद पुष्कळ वर्षे चालला.

दोन वर्षांनी, २० जानेवारी १९९२ च्या सायंकाळी, फ्रान्समध्ये स्ट्रासबूर्गला उतरणारे याच जातीचे विमान डोंगरावर आदळून शहाण्णवांपैकी सत्याऐंशी जण मेले. चौकशीत सर्वांत संभवनीय दिसले ते असे : उतरणीचा कोन ३.३ अंश ठेवण्यासाठी वैमानिकांनी ३३ हा आकडा लावला. बटण मात्र दुसऱ्या रीतीवर होते, आणि त्या रीतीत तोच ३३ म्हणजे मिनिटाला ३३०० फूट. दोन्ही रीतींत आकडे त्याच चौकटीत, त्याच आकाराचे उमटत असत. त्या अपघातानंतर चौकट बदलण्यात आली, आणि खाली येण्याचा वेग आता तेथे चार अंकांत दिसतो.